खडा पडत का नाही?

बालमित्रांनो, आज एक काम करा. आईच्या किंवा आजीच्या बोटात खड्याची अंगठी असेल, तर ती जरा जवळून पाहा. (काढून मागू नका हं, बोटातच असू द्या!) त्या हातानं रोज कणीक मळली जाते, भांडी घासली जातात, गर्दीच्या बसमध्ये दांडा घट्ट धरला जातो. तरी खडा जागच्या जागी! तो कशानं बरं चिकटवला असेल?

उत्तर आहे, कशानंच नाही! जत्रेतल्या नकली दागिन्याचे खडे चिकटवलेले असतात, म्हणूनच ते चार दिवसांत गळतात. चांगल्या अंगठीतला पैलूदार खडा चिकटवलेला नसतो, तो धरलेला असतो. धातूच्या ज्या छोट्याशा घरात तो बसतो, त्याला मराठीत किती सुंदर शब्द आहे पाहा. कोंदण! 'हातची विद्या' या आपल्या सदरात आज या कोंदणाची आणि ते करायला शिकणाऱ्या हातांची ओळख करून घेऊ.

खडा धरायच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे बंद कोंदण. खड्याभोवती धातूची पातळ भिंत उभी करायची आणि तिचा काठ चहूबाजूंनी खड्यावर किंचित वाकवायचा. दुसरी तऱ्हा नख्यांची. चार किंवा सहा बारीक नख्या खड्याला वरून पकडतात. भिंत नसल्यामुळे बाजूंनी भरपूर उजेड आत शिरतो आणि खडा झगमगतो. हिऱ्याच्या अंगठीत बहुधा हीच तऱ्हा दिसते.

तिसरी तऱ्हा आपल्या देशाची, कुंदनकामाची. मुघल दरबारात ती बहरली आणि आजही जयपूर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. दागिन्याच्या पोकळीत लाख भरून तिच्यावर खडा ठेवतात. त्याच्याभोवतीच्या फटीत अतिशय शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या पोलादी हत्यारानं दाबून बसवतात. शुद्ध सोन्याची गंमत अशी, की नुसतं दाबलं तरी ते थंडपणीच एकमेकांना बिलगून एकजीव होतं. या जोडणीला विस्तव लागतच नाही!

आता तुम्ही म्हणाल, "मग आम्हाला खडा बसवायला कधी शिकवणार?" थांबा, थांबा! शिकाऊ मुलाच्या हातात पहिल्या दिवशी सोनं कुणी देत नाही, आणि माणिक तर नाहीच नाही. सुरुवात होते पितळेच्या किंवा तांब्याच्या पत्र्यापासून. त्यावर रेघ आखायची आणि केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनं बरोबर रेघेवरून कापायचं. पाती तटातट तुटतात! मग कानशीनं कड सरळ करायची. हे रोज, आठवडेच्या आठवडे. कंटाळा येतो ना? पण याच दिवसांत बोटांना जोर किती लावायचा ते कळतं. हे ज्ञान पुस्तकातून बोटांत उतरत नाही.

मग धातूचे स्वभाव कळू लागतात. तांब्याची तार घेऊन एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून पाहा. ती हळूहळू ताठर होते आणि शेवटी तुटते. सोन्याचांदीचंही तसंच आहे. ठोकून ठोकून धातू कडक झाला, की कारागीर तो तापवतो. त्यामुळे तो पुन्हा मऊ होतो. मग पुन्हा ठोकायचा. त्यानंतर येतं झाळकाम, म्हणजे दोन तुकडे आचेवर जोडणं. जोडाला टाकणखार लावतात, म्हणजे तिथं काळपटपणा धरत नाही आणि वितळलेली झाळ नीट पसरते. आच मात्र बेतानं! चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि सोनं १०६४ अंशांना. क्षणभर लक्ष चुकलं, तर आठवडाभर खपून केलेल्या अंगठीचा गोळा व्हायचा.

आणि हो, "भूमितीचा पुढे काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांसाठी हे गणित. अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर हवा आहे आणि पट्टी १.५ मिलिमीटर जाड आहे. पट्टी किती लांब कापाल? १७ गुणिले ३.१४ केलंत तर अंगठी घट्ट होईल! जाडी मिळवावी लागते. १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर. वर्तुळाचा परीघ इथे थेट बोटात येऊन बसतो!

धातू ओळखीचा झाला, की खड्यांची पाळी. १८१२ साली फ्रीडरिश मोह्स या शास्त्रज्ञानं खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी तयार केली. तिच्यात हिरा १०, माणिक आणि नीलम ९, तर मोती अवघा ३च्या आसपास. पण फसू नका! कठीण म्हणजे न फुटणारा नव्हे. हिऱ्यावर ओरखडा काढता येत नाही, पण ठरावीक दिशेनं घाव बसला तर तो दुभंगतो. पाचू पुष्कळ कठीण असतो, पण त्याच्या पोटात बहुधा बारीक चिरा असतात. जास्त दाब किंवा आच त्याला सोसत नाही. मोत्याला तर आचही नको आणि आम्लही नको. म्हणून बहुतेक दागिन्यांत झाळणं, घासणं, मापात आणणं हे सारं आधी उरकतात आणि खडा सगळ्यात शेवटी बसवतात.

आणि मग येतो तो क्षण. कारागीर डोळ्याला भिंग लावतो. खड्यासाठी धातूत बरोबर त्याच्या आकाराची बैठक कोरलेली असते. खडा तिच्यात सपाट बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये. मग काठ एका बाजूनं जरासा दाबायचा, लगेच समोरच्या बाजूनं, मग डावीकडून, मग उजवीकडून. गॅरेजमध्ये गाडीच्या चाकाचे नट असेच समोरासमोरचे आवळतात, पाहिलंय ना? एकाच बाजूनं जोर लावला तर खडा तिरका होईल किंवा त्याचा टवका उडेल. कमी जोर लावला तर तो एक दिवस रस्त्यात पडेल.

विचार करा, तो खडा कारागिराचा नसतो. कुणाच्या तरी आजीनं तो जपून ठेवलेला असतो, कुणी वर्षभर पैसे साठवून घेतलेला असतो. तो पेढीवर सोपवून माणसं निर्धास्त घरी जातात. पितळेच्या पत्र्यावर आणि काचेच्या खड्यांवर महिनोन् महिने हात बसवायचे ते याच विश्वासासाठी. काचेचा खडा फुटला तर दुसरा मिळतो. आजीचा मिळत नाही.

सोनाराच्या कामात आणखी एक शिस्त असते, काही वाया न घालवण्याची. कामाच्या टेबलाखाली चामडं किंवा खण असतो, त्यात कानशीचा कीस पडतो. सोनारांच्या दुकानाबाहेरची धूळ गोळा करून, धुऊन तिच्यातले सोन्याचे कण मिळवणारे लोकही असत. त्यांना झारेकरी म्हणत. जुनी वजनंही अशीच नाजूक होती. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. (गुंजेचं लाल-काळं बी दिसतं सुंदर, पण ते विषारी असतं. तोंडात कधीही घालू नका!) आणि अंगठीच्या आतला ९१६ हा आकडा पाहिलात का? त्याचा अर्थ, १००० भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं. हेच आपलं २२ कॅरट.

पूर्वी ही विद्या घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे जाई. आज ती कुणीही शिकू शकतं, मुलगा असो वा मुलगी. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी या संस्थेत मुंबई आणि जयपूर इथे दागिन्यांची कला शिकवली जाते. सुरतेला हिऱ्यांना पैलू पाडतात, कोल्हापूरजवळच्या हुपरी गावात चांदीकाम चालतं. आता आराखडा संगणकावर काढतात, त्यावरून मेणाचा साचा यंत्रानं तयार होतो. पण नाजूक खडा कोंदणात बसवायचं बरंचसं काम अजूनही माणसाच्या हातांनीच होतं.

आई-बाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. तुमचं मूल तारा वाकवत, मणी ओवत तासन् तास बसत असेल, तर 'अभ्यास सोडून हे काय?' असं लगेच म्हणू नका. नजर, माप आणि धीर यांचाही अभ्यास असतो. तो गुणपत्रिकेत दिसत नाही, एवढंच.

आता या आठवड्याचा गृहपाठ! (आच, आम्ल यांचे प्रयोग घरी अजिबात नकोत.) घरातल्या खड्यांच्या अंगठ्या मोठ्यांच्या देखत भिंगातून पाहा. कोंदण बंद आहे की नख्यांचं? नख्या किती? मग अंगठी कानाजवळ धरून हलकेच टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल झाला आहे. साडीचा धागा अडकत असेल तर एखादी नखी उचलली गेली आहे. आईला लगेच सांगा आणि अंगठी सोनाराकडे न्यायला लावा. खडा हरवण्याआधी तुम्ही तो वाचवलात, तर शाबासकी नक्की तुमची!

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या विद्येसह.