पवना-इंद्रायणीचे सूक्ष्म सेवक

आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर अलीकडील वर्षांत पांढरा फेस तरंगताना अनेकदा दिसला, आणि त्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. फेस डोळ्यांस दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. मैल्याच्या पाण्याबरोबर नदीत उतरणारा अमोनिया मात्र दिसत नाही, म्हणून त्याची वार्ताही कोणी करीत नाही. वस्तुतः हा अदृश्य शत्रू लहान नव्हे. तो माशांचे कल्ले जाळतो, पाण्यातील प्राणवायू खातो, आणि खालच्या गावी पाणी शुद्ध करू गेल्यास क्लोरीनची शक्तीही हिरावून घेतो.

या शत्रूचा समाचार घेणारे सेवक निसर्गाने निर्माण केले आहेत. अमोनियाचे रूपांतर सजीवांकडून होते, हे श्लोसिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखविले, आणि विनोग्राड्स्की या रशियन पंडिताने १८९० च्या सुमारास ते जंतू वेगळे करून ओळखले. नायट्रोसोमोनास हा त्यांपैकी प्रमुख होय. तो अमोनियाचे नायट्राइट करतो. त्याचे दुसरे भाईबंद नायट्राइटचे नायट्रेट करतात. चिखली, कासारवाडी येथील मैलाशुद्धीकरण केंद्रांत अमोनियाचा निचरा व्हावयाचा तो याच जंतूंच्या भरवशावर.

परंतु हे सेवक मोठे नाजूक आहेत. आतड्यांतील कोलाय जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रोसोमोनासला उत्तम स्थितीतही आठ तास, आणि बहुधा एक दिवस वा अधिक काळ लागतो. म्हणून टाकीतील गाळ घाईने उपसून टाकला, तर वाढण्यापूर्वीच ते वाहून जातात. त्यांस प्राणवायू मुबलक पाहिजे. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे साडेचार ग्रॅम. पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू उरला, की त्यांचे काम मंदावते. शिवाय काम करता करता ते आम्ल निर्माण करतात. ते मारण्यापुरता क्षार पाण्यात नसेल, तर आपल्याच आम्लाने ते हतबल होतात. किंचित अल्कधर्मी पाणी त्यांस मानवते.

उष्णतेच्या बाबतीत आपण भाग्यवान आहो. युरोपातील थंडीत पाणी दहा अंशांखाली गेले की हे जंतू जवळजवळ निजतात. आपल्याकडे ती भीती नाही. मात्र या उबेचा एक तोटाही ध्यानात ठेवावा. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर पंचवीस अंशांच्या पाण्यात आठच. म्हणजे आपल्या टाक्यांत हवा अधिक कसोशीने खेळविली पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी रात्री हवेची यंत्रे बंद ठेवली, तर ते सेवकांचा श्वास कोंडण्यासारखेच आहे.

आता औद्योगिक पट्ट्याचा प्रश्न. तांबे, निकेल, क्रोमियम व सायनाइड ही धातूंस मुलामा देण्याच्या धंद्यातील द्रव्ये या जंतूंस विष आहेत. एका कारखान्याने रात्री एक पिंप गुपचूप गटारात रिते केले, तर कित्येक आठवड्यांत वाढलेली जंतूंची वसाहत एका प्रहरात मरू शकते; आणि ती पुन्हा उभी राहीपर्यंत शहराचा अमोनिया सरळ नदीत जातो. अपराध एकाचा, दंड मात्र काठावरच्या सर्व गावांस!

याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिनसाठी बुरशीला ठरावीक उष्णता, शुद्ध हवा व मोजके अन्न देऊन तान्ह्या बालकाप्रमाणे जपीत. कारण तिच्या श्रमाचे फळ बाजारात विकले जाई. नायट्रोसोमोनासच्या श्रमाचे फळ विकत घेणारा कोणी नाही. म्हणून त्याची निगा राखण्याचा आग्रह समाजानेच धरावयास हवा.

तो आग्रह सरकारदरबारीही ढिला पडलेला दिसतो. केंद्र सरकारने २०१५ साली मैलाशुद्धीकरणाच्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात सोडावयाच्या पाण्यातील अमोनिया-नायट्रोजनास लिटरमागे पाच मिलिग्रॅमची मर्यादा होती. २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गाळण्यात आली. आमच्या मते हे योग्य झाले नाही. जे मोजले जात नाही, त्याची काळजीही कोणी वाहत नाही.

केंद्र किती दशलक्ष लिटरांचे बांधले, यावर आपण समाधान मानू नये. शुद्ध होऊन निघालेल्या पाण्यात अमोनिया किती उरला, हा आकडा प्रत्येक केंद्राच्या दारावरील फलकावर रोज लिहिला जावा. कारखान्यांनी आपले विष आपल्याच आवारात निकामी करावे, आणि हवेच्या यंत्रांची वीज अखंड राहावी. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ विद्यार्थी पुढे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामास लागतील. पिंप कोठे रिते करावयाचे, हा प्रश्न त्यांपैकी कोणासमोर तरी येईलच. त्या वेळी गटाराच्या दुसऱ्या टोकास हे मुके सेवक राबत आहेत, आणि त्यांच्याही पलीकडे आळंदीच्या घाटावर वारकरी ओंजळ भरीत आहे, हे त्याने विसरू नये.