नकाशातून पुसलेला माळ

देवळाली प्रवरातल्या बैठकीत आम्ही रांगोळीने गावाचे दोन नकाशे काढले. पहिला म्हाताऱ्या बायांच्या आठवणीतला : चराऊ माळ, बांधावरच्या बोरी-बाभळी, पाथरी-तांदुळज्याची फुकटची भाजी. दुसरा आजचा : नुसता ऊस. भंडारदरा धरण १९२६ मध्ये बांधून झाले, कालव्यांनी पाणी आले, पुढे सहकारी साखर कारखाने निघाले. त्यातून घरात पैसा आला, हे मी नाकारत नाही. पण माळाबरोबर सरपण, चारा, भाजीही गेली आणि बाईची पायपीट वाढली.

बिबट्याने उसात घर केले. मादी फडातच पिल्ले घालते. तोडणी आली की तिचा आडोसा मोडतो. तेव्हा पहाटे कोयता घेऊन समोर असते ती तोडणीवाली, आणि तिचे लेकरू बांधावर निजलेले असते.

पिंजरा एक बिबट्या नेतो, प्रश्न जागेवरच राहतो. म्हणून ग्रामसभेत दोन्ही मागू या : बांधावर झाडे, राखलेले गायरान, आणि कोप्यांजवळ उजेड, शौचालय, पाळणाघर.

तुमच्याही गावाचा नकाशा काढा. काय पुसले गेले, ते बायांनाच आधी आठवेल.