फुटलेल्या कपाचा हिशोब

दिवाळी जवळ आली की ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील सभागृहांतून हस्तकलेची प्रदर्शने भरू लागतात. त्यांत हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांचा एखादा गाळा हमखास असतो. ग्राहक राखी-निळ्या झिलईचा कप उचलतो, फिरवून पाहतो, तळाशी चिकटवलेली किंमत वाचतो आणि अलगद खाली ठेवतो. “शेवटी मातीच तर आहे! एवढ्या पैशांत बाजारात सहा कपांचा संच येतो,” असे उद्गार ऐकू येतात. या ग्राहकाचे गणित चुकलेले नसते; ते अपुरे असते.

माती स्वस्त आहे, हे खरे. परंतु माती म्हणजे कप नव्हे. ती चाळावी, भिजवावी आणि मन लावून मळावी लागते. आत हवा राहिली तर चाकावर भांड्याची भिंत सारखी उठत नाही. कप चाकावरून उतरल्यावर थोडा सुकू द्यायचा, मग त्याला कान जोडायचा. कप आणि कान यांच्यातील ओलावा सारखा नसेल तर सांध्याला तडा जातो. वाळवणे सावकाश, सावलीत. ओल्या अवस्थेपासून पक्क्या अवस्थेपर्यंत माती साधारण दहा-बारा टक्क्यांनी आकसते. म्हणून हवा त्याहून मोठा कप आधी घडवावा लागतो.

यानंतर अग्नीची परीक्षा, तीही दोनदा. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते. मग झिलईचे द्रावण चढवायचे आणि पुन्हा भट्टी लावायची. स्टोनवेअर या प्रकारात दुसऱ्या भाजणीचे तापमान १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाते. गावच्या कुंभाराचा माठ कमी उष्णतेवर भाजलेला आणि सच्छिद्र असतो. पाणी झिरपून बाहेर वाळते, म्हणूनच आतले पाणी गार राहते. स्टोनवेअरची माती मात्र आतून घट्ट जुळून दगडासारखी होते. भट्टी पूर्ण निवेपर्यंत दार उघडता येत नाही. आत झिलई ओघळून कप फळीला चिकटला, की कोणी वाकडा झाला, हे तेव्हाच कळते. तोवर केवळ वाट पाहायची.

परिव्ययशास्त्रात यासाठी एक संकल्पना आहे: सर्वसाधारण हानी. प्रक्रियेत जे नुकसान अटळ असते, त्याचा भार उरलेल्या चांगल्या नगांवर टाकावा, असा तो नियम. समजा, वीस कप घडवण्याचा खर्च, कारागिराच्या मजुरीसह, चार हजार रुपये आला. सगळे शाबूत निघाले तर एक कप दोनशे रुपयांना पडला. वाळवताना दोन गेले, भट्टीत दोन गेले, तर उरलेल्या सोळांपैकी प्रत्येकाचा खर्च अडीचशे झाला. विक्री करून देणाऱ्या दालनाने तीस टक्के वर्तावळा घेतला, तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी किंमत साडेतीनशेच्या पुढे ठेवावी लागते. नफ्याचा विषय अजून निघालेलाच नाही! ग्राहक एकच कप घरी नेतो. पण त्याच्या किमतीत फुटलेल्या कपांचाही वाटा असतो.

पूर्वी हा प्रश्न असा उभा राहत नसे. कुंभार हा गावगाड्यातील बलुतेदार. वर्षभर तो घरोघरी मडकी, पणत्या, रांजण पुरवी आणि सुगीला त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे. प्रत्येक मडक्याची वेगळी किंमत ठरत नसे. त्या व्यवस्थेत अन्याय होता, जातीची बेडी होती. तिचे गुणगान नको. पुढे पितळ, ॲल्युमिनियम, स्टील आणि प्लास्टिक आले. बलुते गेले, मागणीही गेली. उरलेल्या कारागिराला प्रत्येक नगाचे मोल रोख पैशांत, अनोळखी ग्राहकाला पटवून द्यावे लागले.

हे मोल पटवता येते, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. बिहारमधील नवादा जिल्ह्यात कुंभाराच्या घरी जन्मलेल्या ब्रह्मदेव राम पंडित यांनी भाईंदरला आपली कार्यशाळा उभारली. उच्च तापमानावर भाजलेल्या भांड्यांतून त्यांनी नाव मिळवले आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्रही याच कामात आहेत. कुंभाराच्या मुलाने आपखुशीने कुंभार व्हावे, ही आजच्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हे.

नव्या कारागिराला भांडवल मिळावे, म्हणून १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. पाच टक्के व्याजाने, तारणाविना, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य मिळते. योजना उपयुक्त आहे. मात्र कर्जातून चाक आणि भट्टी येते, ग्राहक येत नाही. आणि हप्ता फेडला जातो तो विक्रीतून.

‘उपासकदशांग’ सूत्राच्या सातव्या अध्ययनात पोलासपूरच्या सद्दालपुत्र कुंभाराची कथा आहे. त्याचे एक कोटी सुवर्ण ठेवीत, एक कोटी व्यापारात आणि एक कोटी घरसंसारात होते. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. मात्र तो नियतीवादी होता. भगवान महावीरांनी त्याच्या भांड्यांकडे पाहून विचारले, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? माती भिजवून, राख-शेण मिसळून चाकावर घडवणारा तो कुंभार म्हणाला, प्रयत्नाविना. सारे नियत आहे. मग कोणी ही भांडी चोरली किंवा फोडली तर? सद्दालपुत्र म्हणाला, मी त्याला शिक्षा करीन. सारेच नियत असेल तर फोडणाऱ्याचा दोष काय, या प्रश्नावर मात्र तो निरुत्तर झाला.

“मातीच तर आहे” असे म्हणणारा ग्राहक नकळत सद्दालपुत्राचेच पहिले उत्तर देत असतो.

यंदा प्रदर्शनात कप हाती आला तर तो बोटाने वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला तर तडा नाही. झिलई खाण्यापिण्यास सुरक्षित आहे का, हे नि:संकोच विचारावे. तो कप परवडत नसेल तर न घेण्यात काहीच गैर नाही. एक पणती घेतली तरी चालेल. मात्र घासाघीस करण्यापूर्वी कारागिराला एक प्रश्न अवश्य विचारावा: “या भट्टीत किती फुटले?”