निरपेक्ष संशोधनालाही तरतूद हवी

कर्करोगाविषयी आपल्याकडे सार्वजनिक विचार सुरू झाला, की तो रुग्णालयांतील खाटा, किरणोपचाराची यंत्रे आणि औषधांच्या किमती या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहतो. आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करून राहिलेली दूरगावची कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा विचार अप्रस्तुत म्हणवणार नाही. तथापि या निकडीच्या गरजांच्या भाराखाली एक चौथी गरज सदैव मागे पडते, आणि ती म्हणजे ज्याचे फळ आज दृष्टीस पडत नाही अशा मूलभूत संशोधनाची. कर्करोगाचे जे ज्ञान आज आपल्या हाती आहे त्याचा इतिहास पाहिला, तर ही उपेक्षा अखेर रुग्णांनाच महाग पडणारी आहे, असे माझे निश्चित मत आहे.

कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, हे पूर्वीपासून विदित होते. परंतु ती वाढ कशाच्या तरी चेतावणीने होते, की तिला आवरणारे कोणी उरले नाही म्हणून होते, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. १९७१ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नड्सन यांनी रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या दृष्टिपटलाला होणाऱ्या दुर्मीळ अर्बुदाच्या ४८ रुग्णांची दप्तरे तपासली. ज्यांच्या घराण्यात हा रोग होता त्या मुलांना तो लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो, इतरांना उशिरा आणि एकाच डोळ्यात होतो, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी अनुमान काढले, की हा रोग उद्भवण्यास दोन आघात लागतात आणि पहिल्या प्रकारच्या मुलांना त्यांतील एक जन्मतःच मिळालेला असतो. हे आघात पेशींची वाढ आवरणाऱ्या एकाच निरोधक जनुकाच्या दोन प्रतींवर होतात, हे पुढे स्पष्ट झाले आणि १९८६ साली ते जनुक हाती आले. १९७९ साली सापडलेले पी-५३ हे प्रथिन तर दहा वर्षे कर्करोगाला चालना देणारेच मानले गेले, कारण प्रयोगशाळांत हाताळले जात होते ते त्याच्या जनुकाचे उत्परिवर्तित रूप होते; इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबवणे, दुरुस्तीला अवसर देणे आणि दुरुस्ती अशक्य असल्यास त्या पेशीला मृत्यूच्या हवाली करणे हे त्याचे खरे कार्य १९८९ पासून उलगडत गेले. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हेच जनुक बिघडलेले आढळते.

दुसरा धागा याहूनही अनपेक्षित ठिकाणी सापडला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीची वाढ टप्प्याटप्प्याने कशी होते याचा अभ्यास करताना व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना १९९३ साली असे आढळले, की एक जनुक प्रथिन मुळीच घडवीत नाही. ते केवळ २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा निर्माण करते, आणि कचेरीतून निघालेला हुकूम अंमलबजावणीपूर्वी वाटेतच अडवला जावा त्याप्रमाणे तो तुकडा दुसऱ्या जनुकाचा संदेश थोपवून धरतो. या मायक्रो-आरएनएकडे कृमीपुरते वैचित्र्य म्हणून पाहिले गेले. २००० साली अशाच प्रकारचा दुसरा तुकडा मनुष्यासह अनेक प्राण्यांत सापडला, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले, आणि २०२४ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन धाग्यांची गाठ पडली ती क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमिया या रक्ताच्या कर्करोगात. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक अंश गहाळ असतो, म्हणून तेथे प्रथिन घडवणारे एखादे निरोधक जनुक असणार या समजुतीने अनेकांनी कसून शोध केला. परंतु कार्लो क्रोचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ साली तेथे सापडले ते दोन मायक्रो-आरएनए. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला हे दोघे आवर घालतात, हे २००५ साली दिसून आले. त्याच प्रथिनाला निष्प्रभ करणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास अमेरिकेत २०१६ साली प्रथम मंजुरी मिळाली, ती सतराव्या गुणसूत्राचा पी-५३ चे जनुक असलेला भाग गमावलेल्या याच रोगाच्या रुग्णांसाठी. हे औषध मायक्रो-आरएनएच्या शोधातून निघाले असे नव्हे, त्याची वाट निराळी होती. पण निरनिराळ्या वाटांनी चाललेले लोक एकाच ठिकाणी येऊन पोचतात, ते त्या सर्व वाटा खुल्या ठेवल्या असतील तरच.

यावर कोणी म्हणेल, की श्रीमंत राष्ट्रांनी शोध लावावेत आणि आपण त्यांचे फळ घ्यावे. शिवाय फळ दर वेळी मिळते असेही नाही. पी-५३ ज्याला कार्यास लावते त्या मिर-३४ या मायक्रो-आरएनएच्या कृत्रिम रूपाची रुग्णांवरील चाचणी गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ साली बंद करावी लागली. हे अपयश मी झाकू इच्छीत नाही. मात्र त्यातून निघतो तो निष्कर्ष संशोधन आवरते घेण्याचा नसून अधिक जाणून घेण्याचा आहे. आणि तंबाखू चघळण्याने होणारा तोंडाचा कर्करोग हा मुख्यतः आपल्या भूभागाचा रोग असताना, त्यात कोणते निरोधक जनुक केव्हा निकामी होते याची चिंता परक्यांनी आपल्याआधी वाहावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९५२ साली मुंबईत कर्करोग संशोधन केंद्र उभे केले आणि डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा सिद्ध केली, तेव्हा देश आजच्याहून पुष्कळ गरीब होता.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की शासन आणि दाते कर्करोग रुग्णालयांस जे द्रव्य देतात त्याचा एक ठराविक हिस्सा संशोधनासाठी निदान दहा वर्षांच्या मुदतीने अलग काढावा आणि त्याच्या उपयुक्ततेचा दाखला दरसाल मागू नये. त्याबरोबरच प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या रुग्णांची दप्तरे आणि ऊतींचे नमुने, रुग्णांच्या संमतीने व त्यांची नावे गुप्त राखून, नीट जतन करावेत. नड्सन यांना महागडे यंत्र लागले नव्हते. वर्षानुवर्षे निष्ठेने राखलेल्या नोंदी त्यांना पुरल्या, आणि एवढे तर आपल्या आजच्या ऐपतीतही निःसंशय बसते.