ठोकळ्यांवरची फियाट

आमची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट सात वर्षे आवारात ठोकळ्यांवर उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, ती. दादांनी घेतलेली, मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. पत्राकामाचे मिस्त्री आगाऊ पैसे घेऊन गावी गेले, ते गेलेच. सौ. म्हणते, “अहो, निदान टपावर पापड तरी वाळत घालू द्या!”

वाचकहो, अशा वेळी सबंध गाडीकडे पाहूच नये. पाहिले की भंगारवाला आठवतो. मी रविवारी एकच वस्तू घेतो. कधी दाराची कडी, कधी वायपरची मोटर. साफ करून, चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो. (घरात डब्यांची टंचाई आहे, ते सोडा.)

इंजिनाला मात्र खंड नाही. नुसते पडून राहिले तर आत गंज धरतो, पिस्टन जाम होतात. म्हणून महिन्यातून एकदा चारही स्पार्क प्लग काढून भोकांतून थोडे तेल सोडायचे आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे.

हिच्याच वंशातली पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तेव्हापासून सुट्या भागांपेक्षा फुकट सल्लेच अधिक मिळतात.

हल्ली पाना धाकट्या नातीच्या हातात असतो. “आजोबा, गियर स्टिअरिंगपाशी कशाला हो?” येत्या रविवारी हॉर्न उघडायचा आहे. तिचीच मागणी!