पोट भरलं म्हणजे झालं?

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला आफ्रिकन हत्ती शंकर सप्टेंबर २०२५ मध्ये मेला. झिम्बाब्वेने भारताच्या राष्ट्रपतींना दिलेली ती भेट होती. जिवंत जीव भेट म्हणून देता येतो, इथूनच आमचा आक्षेप सुरू होतो! सोबत आलेला दुसरा हत्ती मेल्यावर शंकर अनेक वर्षे एकटा होता. हत्ती कळपात जगणारा प्राणी. एकटा पडला, साखळीत अडकला की तो तासन्तास जागच्या जागी डुलत राहतो. कुंपणाबाहेरची माणसं म्हणतात, "बघा, नाचतोय!" तो नाचत नसतो, त्याचं मन ढासळलेलं असतं. पिंजऱ्यात एकाच रेषेत येरझाऱ्या घालणाऱ्या वाघाचंही तेच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: खायला मिळतं, औषधपाणी होतं, आणखी काय हवं? मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. शिळी भाकर दिली, आता मान मागू नका, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ऐकवलं गेलंच की.

म्हणून 'प्राण्यांवर दया करा' ही भाषा आम्हाला अपुरी वाटते. दया मालकाच्या मर्जीवर चालते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं होतं. शंकर तिथेच राहिला. इस्लामाबादचा एकाकी कावन मात्र २०२० मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे सुटला आणि कंबोडियातल्या अभयारण्यात पोहोचला.

माहितीच्या अधिकारात आपापल्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयाला एवढंच विचारा: एकटे ठेवलेले प्राणी किती, आणि किती वर्षांपासून?