आधी पट्टी दाखवा

आमच्या माजघरात एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या पट्ट्या आहेत. आंबा बागायतदाराला पट्टी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. पेट्या आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला जायच्या. मग दलालाकडून एक कागद यायचा. पेट्या किती पोचल्या, कुठल्या दराने किती गेल्या, मोटारभाडं किती, हमाली, तोलाई आणि अडत किती कापली, हे सगळं त्यात असे आणि शेवटी आपल्या हातात पडणारी रक्कम. रात्री जेवणं उरकली की सासरे दिव्याखाली बसून तो कागद ओळीओळीने वाचत. दर पटला नाही तर सकाळी मुंबईला फोन जाई. दलालाशी कडाक्याची भांडणं झालेली मी पाहिली आहेत, पण भांडायला हातात कागद असायचा.

वेबसाइटच्या जाहिरातीवर आम्ही वर्षभर पैसे घातले, तेव्हा हा कागदच आमच्याकडे नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. पावस, गणपतीपुळे, देवगड, जिकडे बघावं तिकडे आता घरटी एक वेबसाइट होते आहे आणि आम्हाला आला होता तसाच फोन त्या सगळ्या घरांत येतो आहे.

२०२०च्या टाळेबंदीत मार्केटचं काही खरं नव्हतं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा टेम्पो भरून थेट पुण्याच्या सोसायट्यांत आंबा दिला. लोकांना फळ आवडलं. भाचीने एक साधी वेबसाइट करून दिली. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते वादळ आलं आणि झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला. त्या नुकसानीनंतर वाटायला लागलं की निदान जे फळ हाती लागतं त्याला तरी सरळ गिऱ्हाईक मिळावं. पुढचा हंगाम तोंडावर असताना पुण्याहून फोन आला. “मॅडम, तुमची वेबसाइट गुगलवर पहिल्या पानावर आणून देतो. पंधरा दिवसांत. गॅरंटी.” महिना १५,००० रुपये, जाहिरातीचा खर्च त्यातच, करार वर्षाचा. ह्यांनी आणि मी दोघांनी मिळून हो म्हटलं. वेबसाइटचं नावही त्यांनीच नवं घेतलं, जुनं चालणार नाही म्हणाले.

दर महिन्याला एक रंगीत अहवाल यायचा. वर जाणारे बाण, हिरव्या पट्ट्या, जाहिरात इतक्या हजार वेळा दिसली म्हणून मोठा आकडा. बुकिंगचे फोन मात्र जुन्याच गिऱ्हाइकांचे. जुलैत, धो धो पावसात, एका गृहस्थांचा फोन आला की हापूसची कलमं कशी दिली. जाहिरात बघून केला, म्हणाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुलैत कोकणात हापूस कुठला? आणि आमची जाहिरात अजून चालूच होती.

मग मी मागे लागले. लोकांनी काय शोधलं म्हणून आमची जाहिरात दिसली, त्याची यादी द्या. गुगलच्या जाहिरात खात्यात ही यादी तयार असते, एक बटण दाबलं की निघते. ती मिळायला आम्हाला सात आठवडे लागले, आणि मिळाली ती फक्त एप्रिल महिन्याची. खळ्यात पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून ह्यांनी ती पेन्सिलीने वाचली, सासरे पट्टी वाचायचे तशी. मँगो मस्तानी कशी करायची. आंब्याचा मोहोर गळतो, उपाय. हापूसचा आजचा बाजारभाव. देवगड बीचजवळ हॉटेल. हापूसचं कलम किंमत. ज्यांनी क्लिक केलं त्यांची गावं बघितली तर पाटणा आणि गुवाहाटीसुद्धा होती. आम्ही पेटी पोचवतो ती पुणे, मुंबई, ठाणे आणि नाशिकला. थोड्याच लोकांनी शोधलेले शब्द गुगल या यादीत दाखवत नाही, त्यामुळे सगळा हिशेब लागत नाही. पण ज्यांचे शब्द दिसत होते त्या २९० क्लिकांपैकी आंबा विकत घ्यायच्या इराद्याने आलेले ह्यांनी मोजले, ते ६३ निघाले. महिन्यात गुगलला गेले होते ५,२०० रुपये. आम्ही दिले होते १५,०००. मधले पैसे मेहनतान्याचे, आणि मेहनताना कुणीही घ्यावाच. पण तो किती हे आधी सांगून घ्यावा. वाशीच्या दलालाने अडत लपवली असती तर सासऱ्यांनी त्याच्याकडे दुसरी पेटी पाठवली नसती.

या धंद्यातली मेख मला तेव्हा कळली. क्रॉफर्ड मार्केटात रुमालाखाली बोटं दाबून दर ठरायचे, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. गुगलवर तसाच लिलाव होतो, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. कुणी ‘हापूस ऑनलाइन पुणे’ असं टाइप केलं की त्या शब्दांवर जाहिरात लावलेल्यांत त्या क्षणी बोली लागते. बोलीची रक्कम बघितली जाते, त्याबरोबरच जाहिरात त्या शोधाशी जुळते का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान माणसाच्या कामाचं आहे का, हेही बघितलं जातं. माणसाने क्लिक केलं की पैसे कापले जातात, मग त्याने पेटी घेवो न घेवो. दर शोधाला नवा लिलाव. मग पहिल्या जागेची गॅरंटी द्यायची कुणी आणि कशाच्या जोरावर? जाहिरातीशिवाय जे निकाल खाली येतात त्यांच्याबद्दल तर गुगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. दुसऱ्यांच्या जाहिराती सांभाळणाऱ्या मध्यस्थांसाठीही त्यांचे नियम आहेत. मेहनताना वेगळा असेल तर ग्राहकाला लेखी कळवा, दर महिन्याला निदान खर्च, क्लिक आणि जाहिरात किती वेळा दिसली हे आकडे द्या, ग्राहकाने मागितला तर खात्याचा क्रमांक द्या. हे नियम मराठीत छापून तालुक्याच्या कृषी कार्यालयात लावायला हवेत. फवारणीचं वेळापत्रक लावतात, त्याच्या शेजारी.

आमचं खरं नुकसान पुढे झालं. करार संपला आणि आम्ही तो वाढवला नाही. अक्षय्य तृतीयेला आठ दिवस होते. आढीतला आंबा रंग धरत होता, खोकी बांधायला माणसं लावली होती, आणि सकाळी वेबसाइट बंद. वेबसाइटचं नाव त्या पुणेवाल्यांच्या ईमेलवर घेतलेलं होतं, जाहिरातीचं खातं त्यांचं, गिऱ्हाइकांनी भरलेले फॉर्म त्यांच्याकडे. नाव परत हवं तर ४०,००० रुपये, असा निरोप आला. असं एक नाव वर्षाला हजाराच्या आतबाहेर मिळतं. ज्याच्या नावावर नोंद, त्याचा ताबा, आणि नोंद आमच्या नावावर नव्हती. सातबारा तपासल्याशिवाय आम्ही जमिनीचा एक गुंठाही विकत घेणार नाही, आणि इथे मात्र नोंद कुणाच्या नावावर आहे हे विचारायचंही सुचलं नाही. ८०० खोक्यांवर तो पत्ता छापून झाला होता. माझी जाऊ, भाची आणि मी, तिघींनी दोन रात्री जागून त्यावर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

गावात कुणी म्हणतं, मोठ्या कंपन्यांना असं कुणी फसवणार नाही, आपण अडाणी म्हणून. तसंही नाही. अमेरिकेत जे. सी. पेनी नावाची मोठी दुकानसाखळी आहे. एके काळी कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधलं की तिचं नाव सगळ्यात वर असे. २०११च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने शोधून काढलं की शेकडो असंबद्ध वेबसाइटींवर पैसे देऊन तिच्याकडे नेणारे हजारो दुवे पेरले होते. गुगलने कारवाई केली. सॅमसोनाइटच्या बॅगा शोधल्यावर पहिली येणारी ती कंपनी दोन तासांत ७१व्या जागी गेली. आम्हाला ठाऊक नव्हतं, असं कंपनीने सांगितलं आणि तिचं हे काम बघणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. ठाऊक असो नसो, शिक्षा दुकानाला झाली. दुसऱ्याने आपल्या नावावर काय केलं याची जबाबदारी आपल्यावरच येते, ही गोष्ट मी आमच्या बचत गटातल्या बायकांना प्रत्येक वेळी सांगते.

आता आमचं काम चिपळूणचा एक मुलगा बघतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा लॅपटॉप उघडलाच नाही. बागेत फिरला. “काकू, यंदा पेट्या किती निघतील? पहिली तोड कधी? वाशीला किती पाठवणार आणि घरून किती विकणार?” त्याआधीच्या वर्षभरात हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. गुगलवर पहिला नंबर येईल का, असं ह्यांनी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, “ते माझ्या हातात नाही काका. तुमचे पैसे कुठल्या शब्दावर गेले ते दर रविवारी सांगेन.”

खातं त्याने माझ्या ईमेलवर, माझ्या बँकेच्या कार्डावर उघडायला लावलं आणि स्वतःपुरती फक्त काम करण्याची परवानगी घेतली. ती मी मनात आलं तर त्याच मिनिटाला काढू शकते, आणि कशी काढायची ते त्यानेच मला दोनदा करून दाखवलं. वेबसाइटचं नाव ह्यांच्या नावावर. त्याचं बिल वेगळं, जीएसटीसकट. पहिली संध्याकाळ त्याने नको असलेले शब्द लिहिण्यात घालवली. रोप, कलम, रेसिपी, पल्प, फोटो, बाजारभाव, हॉटेल. त्यात मीही भर घातली, कारण आमच्याकडे चुकून कोण फोन करतं हे मला जास्त ठाऊक. आम्ही जिथे पेटी पोचवतो त्या शहरांत राहणाऱ्यांनाच जाहिरात दिसेल असं त्याने केलं. आधीच्यांनी कोकणाबद्दल नुसतं कुतूहल असलेल्यांनाही ती दाखवली होती. मग म्हणाला, गुगल मॅपवर बागेची नोंद करा, ती फुकट आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आमचा जिल्हा आहे आणि आमची नोंदणीही झालेली आहे. ते प्रमाणपत्र ट्रंकेत पडून होतं. त्याने ते वेबसाइटवर पहिल्याच पानावर लावायला सांगितलं. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो याची पुण्यातल्या माणसाला धास्ती असते, ती तिथेच मिटते.

दर रविवारी रात्री त्याचा कागद येतो. एप्रिलातल्या एका आठवड्याचा माझ्या समोर आहे. खर्च ६,३०० रुपये. क्लिक ४५०. फोन आणि व्हॉट्सअॅप मिळून ६१. पेट्या गेल्या ३८. कडेला ह्यांनी पेन्सिलीने भागाकार करून लिहिलं आहे, पेटीमागे १६६. हा आकडा चांगला की वाईट ते आम्ही ठरवू, कारण आमच्या पेटीत काय सुटतं ते आम्हाला माहीत आहे. पण आकडा आमच्या हातात आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्याचा कागद आला तेव्हा मात्र पेटीमागे ४१० पडले होते. ६,१५० रुपये खर्च आणि पेट्या अवघ्या पंधरा. ह्यांनी रागानेच फोन लावला. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, आता बाजारात आंबा पडला आहे, दर उतरलेत, लोक दारावरच घेतायत. मी आज रात्री जाहिरात बंद करतो. जूनचं माझं बिल नाही.” झाडावर राहिला होता तो आंबा आम्ही दुसऱ्या दिवशी कॅनिंगला दिला.